कॅरिबियन पाकपद्धतीतील खारवलेले वराहमांस आणि त्याची घरगुती धुरी : ऐतिहासिक व शास्त्रीय परामर्श

बीजसंज्ञा : खारवण, धुरी, बुकाँ, जर्क, नायट्राइट, बोट्युलिझम, अन्नसुरक्षितता.

प्रस्तावना :

कॅरिबियन समुद्रातील बेटांच्या पाकपरंपरेचा विचार करू लागले असता एक विसंगती प्रथमदर्शनीच जाणवते. चहूबाजूंनी समुद्र, मुबलक ताजी मासळी आणि बारमाही भाजीपाला असूनही तेथील अनेक प्रतिष्ठित पदार्थांचा आधार ताज्या मांसावर नसून खारवलेल्या मांसावर आहे. जमैकातील राजम्याचे 'स्ट्यू पीज', ग्रेनेडाचे 'ऑइल डाउन', त्रिनिदादमधील 'कॅललू' या पदार्थांत डुकराची खारवलेली शेपटी किंवा खारवलेल्या मांसाचा तुकडा हा केवळ पूरक घटक नसतो, तर हंडीतील इतर सर्व घटकांना मीठ, स्निग्धता व चव तोच पुरवितो. पोर्तो रिको, क्यूबा व डोमिनिकन प्रजासत्ताक या स्पॅनिशभाषक प्रदेशांत त्याच ठिकाणी बहुधा धुरी दिलेले मांस येते.

शीतपेटी घरोघरी आल्यानंतर मांस खारवण्याची व धुरविण्याची गरज वस्तुतः संपली. चव मात्र राहिली. कोकणातील माणसाला ताजा बोंबील उपलब्ध असतानाही सुक्या बोंबलाची आठवण येते, त्यातलाच हा प्रकार होय. गेल्या काही दशकांत लंडन, टोरोंटो, न्यूयॉर्क आदी शहरांत स्थिरावलेल्या कॅरिबियन कुटुंबांत, तसेच अन्य हौशी पाककर्त्यांत, हे मांस घरीच खारवून घरीच धुरविण्याची प्रवृत्ती दिसते. ही कृती वरकरणी सोपी आहे. परंतु तिच्यात होणारी चूक ही केवळ चवीची चूक नसते. ती प्राणावरही बेतू शकते. प्रस्तुत लेखात या पद्धतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी, तिच्यामागील रसायन आणि घरगुती पातळीवरील तिची सुरक्षित कार्यपद्धती यांचा परामर्श घेतला आहे.

दोन परंपरांचा संगम :

कॅरिबियन बेटांवर डुक्कर हा मूळचा प्राणी नव्हे. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत तो हिस्पॅनिओला बेटावर उतरला. नैसर्गिक शत्रूंच्या अभावी त्याची संख्या झपाट्याने वाढली. १६०५-०६ मध्ये स्पॅनिश सत्तेने चोरटा व्यापार रोखण्यासाठी या बेटाच्या उत्तर व पश्चिम भागांतील वस्त्या सक्तीने उठविल्या. मागे राहिलेली गुरे व डुकरे रानटी झाली. त्यांच्या शिकारीवर उपजीविका करणारे, बहुतांशी फ्रेंच असे भटके लोक तेथे जमले. ते मांसाच्या पट्ट्या लाकडी जाळीवर मांडून खाली मंद विस्तव ठेवीत व त्यास धुरी देत. या जाळीस 'बुकाँ' म्हणत. हा शब्द ब्राझीलमधील तुपी भाषेतून फ्रेंचमध्ये आला. झाँ द लेरी या फ्रेंच प्रवाशाने १५७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्राझीलवरील ग्रंथात त्याचे वर्णन आहे. बुकाँवर मांस धुरविणारा तो 'बुकानिए', आणि त्याचेच पुढे 'बकनिअर' झाले. समुद्री लुटारूंना उद्देशून सर्रास वापरला जाणारा हा शब्द मुळात मांस धुरविणाऱ्याचे नाव आहे, ही बाब इतिहासाच्या अध्यापनात सहसा सांगितली जात नाही.

दुसरी धारा जमैकातील आहे. १६५५ मध्ये इंग्रजांनी हे बेट जिंकले, त्या वेळी स्पॅनिश मालकांकडील अनेक गुलाम डोंगरात निघून गेले. पुढे मळ्यांतून पळालेले इतर गुलामही त्यांना मिळाले. मरून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समूहांनी अनेक दशके इंग्रजांशी लढा दिला आणि १७३९ मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. रानडुकराच्या मांसाला मीठ, ऑलस्पाइस व तिखट मिरची चोळून ते ऑलस्पाइसच्याच लाकडांवर भाजण्याची 'जर्क' ही पद्धत या समूहांची देणगी मानली जाते. 'जर्क' हा शब्द वाळविलेल्या मांसाच्या 'चार्की' या केचुआ शब्दापर्यंत मागे नेता येतो. मरून लोकांच्या दृष्टीने धूर हे अन्न टिकविण्याचे साधन होते, आणि शत्रूला आपला ठावठिकाणा सांगणारी खूणही होती.

याउलट, पिंपात मिठाच्या पाण्यात बुडविलेले मांस हे मळ्यांच्या अर्थव्यवस्थेचे अपत्य होय. उसाखालची एक वीतही जमीन अन्नधान्यास देणे मळेवाल्यांना परवडत नसे. त्यामुळे आयर्लंडमधील कॉर्क बंदरातून आणि उत्तर अमेरिकेतील वसाहतींतून खारवलेले गोमांस, वराहमांस व मासे यांची पिंपे बेटांवर येत. फ्रेंच वसाहतींसाठी १६८५ मध्ये काढलेल्या 'कोद न्वार' या कायद्यात दहा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या गुलामास दर आठवड्याला दोन पौंड खारे गोमांस किंवा तीन पौंड मासे द्यावेत, असे कलमच आहे. प्रत्यक्षात हा शिधा कितपत दिला जात असे, हा प्रश्न वेगळा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाने हा पुरवठा विस्कळीत झाल्यावर ब्रिटिश बेटांवर उपासमार झाली. स्वस्त अन्नाच्या शोधात मळेवाल्यांची नजर ताहितीतील विलायती फणसाकडे, म्हणजे कोकणातील नीरफणसाकडे, वळली. विल्यम ब्लायचा पहिला प्रयत्न १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावरील बंडाने फसला. १७९३ मध्ये मात्र त्याने ही रोपे सेंट व्हिन्सेंट व जमैका येथे पोहोचविली. आज ग्रेनेडाचा राष्ट्रीय पदार्थ मानल्या जाणाऱ्या 'ऑइल डाउन'मध्ये हाच नीरफणस, नारळाचे दूध, हळद, अळूची पाने आणि खारवलेले मांस एकत्र शिजते. गुलामीच्या शिध्यातील दोन वस्तू स्वतंत्र राष्ट्राच्या हंडीत मानाने एकत्र नांदतात, हे येथे नोंदविणे अगत्याचे वाटते.

तात्पर्य, पिंपातील मीठ हे मालकाचे आणि जाळीवरील धूर हा पळून गेलेल्यांचा. घरी खारवून घरी धुरविणारा आजचा पाककर्ता या दोन्ही परंपरा नकळत जोडीत असतो.

मिठाचे कार्य :

मीठ मांसाचे रक्षण करते ते प्रामुख्याने पाण्याच्या मार्गाने. मिठामुळे मांसातील काही पाणी बाहेर पडते आणि उरलेले पाणी मिठाशी बांधले जाऊन जिवाणूंना अनुपलब्ध होते. या उपलब्धतेच्या मापास जलक्रियता म्हणतात. ताज्या मांसाची जलक्रियता सुमारे ०.९९ असते. बोट्युलिझम घडविणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या उष्णतेस अधिक चिवट अशा गटाची वाढ ती ०.९४ च्या खाली गेल्यावर थांबते. त्यासाठी मांसातील जलांशात सुमारे १० टक्के मीठ असावे लागते. जुन्या पिंपांतील मांस या पातळीस पोहोचत असे, म्हणूनच ते महिनोन्महिने समुद्रप्रवासात टिके आणि म्हणूनच ते रात्रभर भिजवून, दोनतीन पाणी बदलून उकळल्याशिवाय खाता येत नसे.

आजचा घरगुती पाककर्ता मांसाच्या वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास मीठ वापरतो. कारण त्याला टिकाऊपणा नको, चव हवी असते. येथेच गैरसमजाचे मूळ आहे. 'मीठ लावले आहे, म्हणजे मांस टिकणारच' ही आजीच्या काळातील खात्री अडीच टक्क्यांच्या मांसाला लागू होत नाही. असे मांस खारवण्याच्या संपूर्ण काळात ४ अंश सेल्सिअसच्या खाली, शीतपेटीतच, ठेवणे अनिवार्य आहे.

नायट्राइट : आवश्यक आणि धोकादायक :

बोट्युलिझम हे नावच मुळी 'सॉसेज' या अर्थाच्या 'बोट्युलस' या लॅटिन शब्दावरून आले आहे. युस्टिनुस केर्नर या जर्मन वैद्यकवेत्त्याने १८२० व १८२२ मध्ये या विषबाधेची पद्धतशीर वर्णने केली. या जिवाणूस प्राणवायूविरहित, ओलसर व उबदार स्थान लागते. मांसाच्या जाड तुकड्याचा गाभा आणि कित्येक तास कोमट तापमानात राहणारी धुरपेटी यांच्या संयोगाने हे सर्व त्यास आयते मिळते. त्याचे विष चवीला वा वासाला कळत नाही.

पूर्वी यावर उपाय म्हणून मिठासोबत शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, वापरीत. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय कंपन्या बिहारमधून मोठ्या प्रमाणावर शोरा नेत. तो मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी जाई, परंतु मांस खारविण्यासही शोराच लागे. मांसाचा गुलाबी रंग त्यामुळेच टिकतो. मात्र शोरा स्वतः कार्य करीत नाही. जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात व खरे कार्य नायट्राइटचे असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. १९०१ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी रंगामागील रसायन उलगडले : नायट्राइटपासून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातील रंगद्रव्याशी संयोग पावतो. शोऱ्याचे रूपांतर किती व केव्हा होईल याचा भरवसा नसतो, म्हणून १९२५ मध्ये अमेरिकेत नायट्राइटच्या थेट वापरास मान्यता मिळाली.

बाजारातील क्युअरिंग सॉल्टमध्ये साध्या मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेले असते. एक किलो मांसास ते २.५ ग्रॅम घेतल्यास दशलक्ष भागांत सुमारे १५६ भाग इतके नायट्राइट पडते. हे प्रमाण जिवाणूस रोखण्यास पुरेसे आणि खाणाऱ्यास स्वीकारार्ह समजले जाते. शुद्ध सोडियम नायट्राइट मात्र काही ग्रॅममध्येही प्राणघातक ठरू शकते, कारण ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. नेहमीच्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून क्युअरिंग सॉल्टला मुद्दाम गुलाबी रंग देतात. दुर्दैवाने भारतीय घरात ही खबरदारीच उलटण्याचा संभव आहे. आपल्याकडे सैंधवही गुलाबी असते आणि 'पिंक सॉल्ट' या नावाने विकलेही जाते. दोहोंच्या बरण्या शेजारी ठेवण्याइतका दुसरा निष्काळजीपणा नसेल. सैंधवात नायट्राइट नसल्याने ते खारवणीत चुकून वापरल्यास संरक्षण मिळत नाही, आणि क्युअरिंग सॉल्ट चुकून कोशिंबिरीत पडल्यास विषबाधा होते.

अनेक पाककृतींत क्युअरिंग सॉल्टचे माप 'एक चमचा' असे दिलेले आढळते. चमच्याचा आकार, मिठाचा दाणा आणि हाताचा ढीग या तिन्ही गोष्टी अनिश्चित असल्याने असे माप देणे अक्षम्य होय. अर्धा ग्रॅम दाखविणारा छोटा वजनकाटा हा या कृतीतील पहिला खर्च असला पाहिजे. 'नैसर्गिक' म्हणून सेलरीच्या भुकटीने खारविलेल्या मांसातही नायट्राइटच असते, एवढेच की त्याचे प्रमाण घरी मोजता येत नाही.

धुराचे स्वरूप :

लाकडातील सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन ही तिन्ही द्रव्ये उष्णतेने विघटित होतात. त्यांपैकी लिग्निनपासून ग्वायकॉल व सिरिंगॉल ही फिनॉल वर्गातील संयुगे निघतात. धुराचा परिचित गंध व चव मुख्यत्वे यांचीच. ही संयुगे आणि धुरातील आम्ले व फॉर्माल्डिहाइड मांसाच्या पृष्ठभागावरील जिवाणूंना काही अंशी रोखतात, चरबी खवट होण्याचा वेगही मंदावतात. पण धूर मांसात काही मिलिमीटरपलीकडे फारसा शिरत नाही. गाभ्याचे रक्षण धूर करीत नाही. ते मीठ, नायट्राइट आणि तापमान यांनीच होते. 'चांगली धुरी दिली होती' हे कारण कच्च्या राहिलेल्या मांसाच्या समर्थनार्थ कधीही पुढे करता येणार नाही.

लाकूड धुमसण्याऐवजी भडकून पेटले की धुरातील बेंझोपायरीनसारखी कर्कजनक बहुवलयी संयुगे वाढतात. विस्तवावर थेट ठिबकणारी चरबीही तेच करते. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरविलेल्या मांसातील बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. घरी हे मोजता येत नाही, परंतु मांस विस्तवाच्या थेट वर न ठेवता बाजूस ठेवणे आणि दाट पांढऱ्या धुराऐवजी विरळ निळसर धूर राखणे एवढे निश्चित करता येते.

लाकडाची निवड हा कॅरिबियन धुरीचा गाभा होय. जमैकात ऑलस्पाइसचे लाकूड व पाने वापरतात. मार्तिनिक बेटावर कोंबडी धुरविण्यासाठी उसाचा उपयोग होतो. ऑलस्पाइसचे लाकूड बेटांबाहेर दुर्मीळ असल्याने त्याचे कोरडे मणी भिजवून निखाऱ्यांवर टाकणे हा रूढ पर्याय आहे. या मण्यांत लवंगेप्रमाणेच युजेनॉल असते. मराठी-हिंदी बाजारात ऑलस्पाइसला कित्येकदा कबाबचिनी म्हणतात, पण खरी कबाबचिनी ही मिरीच्या कुळातील वेगळी वस्तू आहे. ऑलस्पाइसचे झाड मात्र कोकणातही लावले जाते व त्याच्या पानांनाही तोच गंध असतो. पेरूचे वाळलेले लाकूडही चालते. चीड-देवदारासारखी राळयुक्त लाकडे, प्लायवूड आणि रंगविलेली फर्निचरची मोडतोड पूर्णतः वर्ज्य. काजूच्या टरफलांचा धूर दाहक असल्याने तीही टाळावीत.

घरगुती कार्यपद्धती :

थंड धुरीची पद्धत, म्हणजे ३० अंशांखाली दिवसचे दिवस धूर देणे, ही थंड हवेच्या प्रदेशांची आहे. ज्या बेटांवर सावलीतील हवाच ३० अंशांच्या आसपास असते, तेथे ती साधणे अशक्यप्राय. बुकाँखाली मंद का होईना विस्तव असण्याचे कारण हेच. म्हणून घरी उष्ण धुरीच अवलंबावी.

पोटाकडील पट्टा, पुढच्या पायाचा सांधा किंवा शेपटी यांपैकी कोणताही भाग घ्यावा. एक किलो मांसास साधे मीठ २५ ग्रॅम, क्युअरिंग सॉल्ट २.५ ग्रॅम व उसाची तपकिरी साखर १० ग्रॅम हे प्रमाण वजन करून घ्यावे. त्यात भरडलेले ऑलस्पाइस, मिरी, थाइम व लसूण आवडीप्रमाणे मिसळावे. हे मिश्रण सर्व बाजूंनी चोळून मांस घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालावे. पिशवीत सुटणारे पाणी टाकू नये, कारण मोजलेल्या मिठाचा व नायट्राइटचा काही भाग त्यात असतो. पाच सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्यास शीतपेटीत सात ते दहा दिवस लागतात. पिशवी रोज उलटावी. मीठ मोजून घातलेले असल्याने दोन दिवस अधिक झाले तरी मांस खारट होत नाही. मिठात पुरून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीवर या पद्धतीची हीच सरशी आहे.

यानंतर मांस धुऊन, पुसून, जाळीवर उघडे ठेवून शीतपेटीतच रात्रभर सुकवावे. पृष्ठभागावर बोटास किंचित चिकटणारा, पण ओला नसलेला थर येतो. हा थर आला नाही तर धुराची चव बसत नाही व रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो. घाई करणारे पाककर्ते हीच पायरी गाळतात. कोळशाच्या झाकणाच्या शेगडीत निखारे एका कडेस, पाण्याचे भांडे मध्ये व मांस दुसऱ्या कडेस ठेवावे. शेगडीतील तापमान ९५ ते ११० अंशांत राखावे आणि लाकूड थोडे थोडे घालावे. पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यास साधारण तीन ते चार तास लागतात. परंतु घड्याळ हा येथे साक्षीदार नव्हे. तापमापीची सुई गाभ्यात खुपसून ६८ अंश दिसले, तरच मांस उतरवावे. वराहमांसाच्या अखंड तुकड्यासाठी अमेरिकन कृषी खात्याने २०११ मध्ये ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती ही किमान मर्यादा ठरविली. तिच्यापेक्षा थोडे अधिक तापमान घरगुती तापमापीची चूक सामावून घेते. ट्रिकिनेला व फीतकृमी यांचा नाशही उष्णतेनेच होतो, अडीच टक्के मिठाने नव्हे. धुरीचे काम मोकळ्या हवेतच करावे. बंद गच्चीत वा स्वयंपाकघरात जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइडने माणसे मारतो.

बादलीतून विकली जाणारी खारवलेली शेपटी धुरवायची असेल, तर क्रम उलटतो : आधी शीतपेटीत चोवीस तास भिजवून, पाणी बदलत मीठ उतरवावे, मग सुकवावे, मग धुरी. तिला पुन्हा मीठ किंवा नायट्राइट लावू नये.

तयार मांस शीतपेटीत आठवडाभर व गोठवून सुमारे तीन महिने चांगले राहते. ते फडताळात टांगून ठेवण्याची वस्तू नव्हे. गोव्यात पुरुमेंताच्या बेगमीत पावसाळ्यासाठी राखलेल्या चोरिसांशी त्याची तुलना करण्याचा मोह होईल. परंतु चोरिसांत भरपूर मीठ, व्हिनेगरचे आम्ल आणि उन्हाची सुकवण असा तिहेरी बंदोबस्त असतो. येथे तो नाही.

हंडीतील उपयोग :

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रियायुक्त मांस मानवी कर्करोगास कारणीभूत असल्याचे जाहीर केले. रोज ५० ग्रॅम सेवनामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. हे मांस नाश्त्याच्या ताटलीत रोज वाढण्यासाठी नाही, आणि कॅरिबियन परंपरेतही ते तसे नव्हते. तेथे मांसाचा लहान तुकडा मोठ्या हंडीला चव देतो. चार माणसांच्या हंडीत २०० ग्रॅम मांस घातल्यास त्यातून सुमारे ५ ग्रॅम मीठ येते, म्हणजे माणशी सव्वा ग्रॅम. प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे हा संघटनेचा सल्ला लक्षात घेता, हंडीत वेगळे मीठ घालण्यापूर्वी हात आवरणेच योग्य.

त्रिनिदादच्या कॅललूत अळूची पाने, भेंडी, भोपळा व नारळाचे दूध यांसोबत हे तुकडे आरंभीच घालतात, जेणेकरून चरबी सुटून धुराची चव दुधात उतरेल. अळूची खाज जाण्यासाठी तो पुरेसा शिजवावा लागतो, हे मराठी गृहिणीस वेगळे सांगावयास नको. पण फतफत्यात जे काम चिंच करते ते तेथे कोणी करीत नाही, त्यामुळे शिजविण्याचा वेळ कमी करून चालत नाही. 'ऑइल डाउन'मध्ये मांस तळाशी, त्यावर नीरफणसाच्या फोडी, सर्वांत वर पाने, असे थर लावून नारळाचे दूध ओततात आणि ढवळत नाहीत. दूध आटून तेल तळाशी उतरले की हंडी खाली घेतात. पदार्थाचे नाव त्यावरूनच पडले आहे.